जुन्या गाडीत फ्यूज उडतो, दिवा लागत नाही: दोष कसा शोधायचा

जुन्या गाडीच्या दिव्यांचे बिघाड दोन जातींचे असतात. आपल्यासमोर त्यातला कोणता आहे हे आधी ठरवायचं आणि मगच कामाला हात घालायचा. फ्यूज उडतोय म्हणजे वायरीतून नको तेवढा करंट जातोय. फ्यूज शाबूत आहे, पण दिवा लागत नाही, मंद लागतो किंवा मध्येच जातो, म्हणजे करंट कुठेतरी अडतोय. पहिल्यात शॉर्ट (वायर पत्र्याला किंवा दुसऱ्या वायरीला नको तिथे टेकणं) शोधायचा, दुसऱ्यात खराब जोड. हा फरक न करता बल्ब बदल, स्विच बदल, रिले बदल असं सुरू केलं की सगळे भाग नवे होतात आणि दोष तसाच राहतो. वीस-तीस वर्षांच्या गाडीत बहुतेक वेळा सुटा भाग खराब नसतोच. गंजलेला अर्थ (दिव्यातून करंट बॉडीवाटे बॅटरीकडे परत नेणारा जोड), सैल झालेलं होल्डर नाहीतर पत्र्याला घासून सोललेली वायर निघते.

हाताशी काय ठेवायचं

फिलामेंटच्या बल्बचा साधा टेस्ट लॅम्प, डिजिटल मल्टिमीटर, २१ वॉटचा एक बल्ब आणि त्याला डाखलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना चिमटे असलेली तीन-चार मीटर लांब वायर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, लहान वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि व्हॅसलीन. फ्यूज बरोबर त्याच अँपिअरचे, चार-पाच जास्तीचे. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर अर्धं काम झालं, कारण एका फ्यूजवर नेमकं काय काय चालतं हे जुन्या गाडीत अंदाजाने कळत नाही. नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे पार्किंगच्या फ्यूजवर, हॉर्न आतल्या दिव्याबरोबर, अशा जोड्या सर्रास असतात.

मीटर असला तरी टेस्ट लॅम्प लागतोच. डिजिटल मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही. वायरीच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर खुशाल १२.४ व्होल्ट दाखवतो आणि माणूस ‘पुरवठा आहे’ असं समजून पुढे जातो. टेस्ट लॅम्प त्याच जागी मिणमिणतो किंवा लागतच नाही. एलईडीचा टेस्टरही मीटरसारखाच फसवतो, म्हणून फिलामेंटचाच घ्या.

हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवायची झाली तर आधी अर्थची केबल काढा, जोडताना ती शेवटी जोडा. एअरबॅगच्या वायरींना पिवळे कनेक्टर असतात. तिथे टेस्ट लॅम्पही नको आणि मीटरही नको. झेनॉनचे हेडलाइट असतील तर त्यांना पेटताना २०,००० व्होल्टच्या वर दाब लागतो, तेव्हा त्यांच्या बॅलास्टमध्येही (हा दाब तयार करणाऱ्या डब्यात) हात घालू नका. फार जुन्या काही गाड्यांत ६ व्होल्टची यंत्रणा असते, काहींत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. आधी बॅटरी बघून घ्या. खालचे सगळे आकडे १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थच्या गाडीचे आहेत.

उडालेला फ्यूज टाकून देण्याआधी बघा

उडालेला फ्यूज उजेडात धरला की बरंच कळतं. काच किंवा प्लास्टिक आतून काळं पडलंय, धातूचे शिंतोडे उडालेत, पट्टीचा मोठा भाग गायब आहे: सरळ शॉर्ट. पट्टी मधोमध वितळून छोटी फट पडलीय आणि बाकी स्वच्छ आहे: भार थोडासाच जास्त होता आणि बराच वेळ होता. पट्टीला केसासारखी चीर आहे, जळल्याची खूण नाही: वर्षानुवर्षं तापून-निवून आणि हादरे खाऊन ती थकली. अशा वेळी नवा फ्यूज टाकून गाडी चालवायला हरकत नाही. चौथा प्रकार लोकांच्या नजरेतून सुटतो. पट्टी शाबूत, पण प्लास्टिक एका पायाजवळ तपकिरी होऊन वितळलेलं. तिथे फ्यूज तापलेला नाही, फ्यूज बॉक्समधला जोड तापलाय. पाय धरणारी क्लिप सैल झाली किंवा गंजली की तिथे रोध (करंटला होणारा अडथळा) वाढतो, उष्णता तयार होते, त्या उष्णतेने क्लिप आणखी सैल होते. इथे फ्यूज बदलून काही साधत नाही. क्लिप साफ करून घट्ट करावी लागते, रंग उतरून ती निळसर-काळी पडली असेल तर बदलावी लागते.

फ्यूज किती वेळाने उडतो हेही लक्षात ठेवा. पात्यांच्या फ्यूजला (प्लास्टिकचा, दोन चपट्या पायांचा) त्याच्या आकड्याच्या दुप्पट करंट मिळाला तर तो पाच सेकंदांच्या आत उडतो. १३५ टक्के मिळाला तर पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही. म्हणजे स्विच दाबताक्षणी ‘टक्’ होऊन गेला तर शॉर्ट, आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवल्यावर गेला तर जास्तीचा भार किंवा वायर मधूनच कुठेतरी टेकतेय. त्या वेळी आपण काय करत होतो ते आठवा. रिव्हर्स टाकला, ब्रेक दाबला, डिकी उघडली, खड्ड्यातून गेलो. ही एक गोष्ट नीट आठवली तर शोधायची जागा दोन-तीन फुटांवर येते.

फ्यूज न काढता तपासायचा असेल तर पात्यांच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे ठेवलेले असतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला, कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत पुरवठाच नाही. कुठेच लागत नसेल तेव्हा चावी ऑन आहे का, त्या दिव्याचा स्विच दाबलाय का, ते आधी बघा.

कोणता फ्यूज घालायचा

फ्यूज बल्बला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. १० अँपिअरच्या जागी २० चा टाकला की पुढच्या शॉर्टच्या वेळी फ्यूज टिकेल आणि वायर जळेल, तीही गालिच्याखाली, जिथे धूर दिसेपर्यंत काही कळत नाही. सिगारेटची चांदी, तार, खिळा यांची गोष्टच नको.

पात्यांचे फ्यूज १९७६ पासून आले. त्यांचे रंग ठरलेले आहेत: ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. त्याआधीच्या युरोपीय गाड्यांत दोन्हीकडे निमुळते, अंगावरून धातूची पट्टी गेलेले फ्यूज असायचे आणि त्यांचे रंग वेगळे: ५ पिवळा, ८ पांढरा, १६ लाल, २५ निळा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. पिवळा एकीकडे २०, दुसरीकडे ५. निळा एकीकडे १५, दुसरीकडे २५. जुना फ्यूज बॉक्स काढून कुणी पात्यांचा बसवला असेल आणि झाकणावर जुनी रंगांची चिठ्ठी तशीच असेल, तर रंगावर जाऊ नका, आकडा वाचा.

काचेच्या फ्यूजमध्ये आणखी एक खाच आहे. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या लुकास कंपनीच्या फ्यूजवर छापलेला आकडा तो कितीला उडतो याचा असे. ३५ लिहिलेला लुकास फ्यूज सतत १७ अँपिअरच वाहतो. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा सतत वाहायचा करंट सांगतो. ‘मॅन्युअलमध्ये ३५ आहे’ म्हणून अमेरिकी ३५ घातला तर वायरीचं संरक्षण निम्म्याने कमी झालं.

निमुळत्या आणि काचेच्या फ्यूजची टोकं काळवंडतात. फ्यूज दिसायला चांगला असूनही दिवा लागत नसेल तर तो जागच्या जागी बोटाने चार-सहा वेळा गोल फिरवा. बऱ्याचदा दिवा लगेच लागतो आणि दोष कुठे आहे तेही कळतं. नंतर बॅटरी सोडवून क्लिपा पॉलिश पेपरने घासा, नोजप्लायरने हलकेच आत दाबा आणि त्या रांगेतले सगळे फ्यूज नवे घाला.

भाराचा हिशेब कागदावर करून बघा: वॉटला १२ ने भागा. ब्रेकचे २१-२१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. पुढे दोन, मागे दोन आणि नंबर प्लेटचे दोन असे ५ वॉटचे सहा बल्ब म्हणजे अडीच. ५५ वॉटचे दोन डिपर म्हणजे सव्वानऊ. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आत हवा. आता कुणी हेडलाइटमध्ये १०० वॉटचे बल्ब घातले असतील तर दोघांचे मिळून पावणेसतरा अँपिअर होतात. फ्यूज वारंवार उडणारच, आणि मोठा फ्यूज घातला तर होल्डर आणि स्विच वितळतील. त्या गाडीत शॉर्ट शोधत बसू नका, बल्ब बदला.

शॉर्ट शोधायची पद्धत

एकामागून एक फ्यूज जाळत शोधू नका. उडालेला फ्यूज काढा, त्या सर्किटमधले सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या दोन क्लिपांमध्ये २१ वॉटचा बल्ब जोडा. आता शॉर्ट कितीही घट्ट असला तरी वायरीतून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही. काही जळत नाही आणि हवा तेवढा वेळ शोधता येतं. स्विच ऑन करा. बल्ब पूर्ण तेजाने लागला तर शॉर्ट आत्ता, या क्षणी आहे. लागला नाही तर एकतर शॉर्ट काढलेल्या बल्बांमध्ये किंवा त्यांच्या होल्डरमध्ये होता, नाहीतर तो अधूनमधून होणारा आहे.

सर्किटचे बल्ब काढायलाच हवेत. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो. २१ वॉटचा बल्ब पेटल्यावर साधारण ७ ओहमचा असतो, थंड असताना जेमतेम अर्धा ओहम. बल्ब जागेवर ठेवून मीटरने ओहम मोजले तर सगळंच शॉर्ट दिसतं, आणि यामुळे लोकांनी चांगली वायरिंग उघडी पाडलेली आहे. पार्किंगच्या सर्किटमध्ये डॅशबोर्डचे दिवेही असतात, त्यांच्यामुळे मीटर काही ओहम दाखवणारच. ते लक्षात घेऊन आकडा वाचा.

बल्ब पेटलेला असताना आता सर्किट निम्मं निम्मं करत जा. मागच्या हार्नेसचा (वायरींच्या गठ्ठ्याचा) कनेक्टर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाजवळ, दाराच्या उंबऱ्याखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात असतो. तो सोडवला आणि बल्ब विझला, तर शॉर्ट त्याच्या मागे. पेटलेलाच राहिला, तर पुढे. पुन्हा उरलेल्या भागाचे दोन तुकडे करा. तीन-चार कनेक्टरांत एक वायर हातात येते. मग ती वायर थोडी थोडी हलवत, ओढत, दाबत चला आणि नजर बल्बवर ठेवा. जिथे बल्ब लुकलुकला तिथेच टेप सोडवा. अधूनमधून होणारा शॉर्टही असाच सापडतो: बल्ब जोडलेला ठेवा, एकाने दारं, डिकी, सीट, स्टिअरिंग हलवावं, दुसऱ्याने बल्बकडे बघावं.

शोधायला सुरुवात कुठून करायची हे जुन्या गाडीत जवळपास ठरलेलं आहे. डिकीच्या किंवा मागच्या दाराच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप पहिला. हजारो वेळा उघडझाप होऊन आतल्या वायरींचं आवरण तिथे तडकतं, दोन वायरी एकमेकींना किंवा पत्र्याला टेकतात. पाइप दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर वाकवून बघा; आवरण वरून अखंड असून आतली तार तुटलेली असू शकते. रिव्हर्स टाकताच फ्यूज जात असेल तर गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचकडे जाणारी वायर सायलेन्सरच्या पाइपला चिकटून वितळलेली असते. सीट मागे-पुढे केल्यावर होत असेल तर सीटच्या पट्टीखाली बघा. सिगारेट लायटरच्या खोबणीत नाणं किंवा पिन पडते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर आत येते तिथलं रबर कडक होऊन निघालेलं असतं आणि पत्र्याची धार उघडी पडते. ट्रेलरचं सॉकेट असेल तर आत पाणी आणि हिरवा गंज हमखास.

आणि नंतर बसवलेल्या वस्तू. म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, अलार्म, जादा हॉर्न. यांचे जोड मूळ वायरीवर प्लास्टिकचा चिमटा दाबून केलेले असतात. तो चिमटा वायरीच्या काही तारा कापतो, आवरणाला भोक पाडतो आणि त्यातून पाणी आत शिरतं. गाडीत कंपनीच्या वायरिंगमध्ये नसलेली कोणतीही वायर दिसली तर संशय आधी तिच्यावर घ्या. ती सोडवून मगच पुढे तपासा.

फ्यूज चांगला, तरी दिवा नाही

बल्ब काढा. डोळ्यांनी फिलामेंट चांगलं दिसतं आणि तरी बल्ब गेलेला असतो, म्हणून बॅटरीवर किंवा मीटरने खात्री करा. बल्ब चांगला असेल तर होल्डरच्या आतल्या ठिपक्यावर टेस्ट लॅम्प लावा, चिमटा बॉडीच्या स्वच्छ धातूला. लॅम्प लख्ख लागला तर पुरवठा आला, दोष अर्थचा. नाही लागला तर मागे मागे जात कुठपर्यंत पुरवठा आहे ते बघा: कनेक्टर, स्विच, रिले, फ्यूजची दुसरी बाजू.

अर्थची खात्री करायला सर्वांत सोपं काम: लांब वायरीचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा बल्बच्या धातूच्या अंगाला किंवा होल्डरच्या पत्र्याला. दिवा लागला किंवा एकदम उजळला तर अर्थ खराब आहे, यावर आणखी चर्चा नको. तो अर्थ गाडीत कुठे बसवलाय ते शोधा. पुढचा बहुधा हेडलाइटच्या मागे आतल्या मडगार्डवर, मागचा टेललाइटच्या नटाखाली किंवा डिकीच्या अस्तरामागे. नट काढा, गोल टर्मिनल दोन्ही बाजूंनी घासा, खालचा पत्रा रंग जाऊन चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून कसा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग नट असं करू नका.

मागच्या दिव्यांचे विचित्र खेळ जवळजवळ नेहमी याच एका कारणाने होतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो. पार्किंग लावल्यावर इंडिकेटर टिमटिमला की टेललाइटही त्याच तालावर लवतात. ब्रेक दाबला की त्या बाजूचा टेललाइट विझतो. करंटला बॉडीकडे जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन दुसऱ्या दिव्याचा अर्थ वापरतो. डावीकडे खेळ चालू असेल आणि उजवीकडे सगळं ठीक असेल तर डाव्या दिव्याचा अर्थ साफ करा; स्विचला हात लावू नका.

अर्थ चांगला असूनही ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे आणि डॅशबोर्डचे दिवे लागत असतील तर मागचे दुहेरी फिलामेंटचे बल्ब काढून बघा. एक फिलामेंट तुटून दुसऱ्यावर पडलेलं असतं आणि दोन सर्किटं बल्बच्या आत जोडली जातात. दुसरी शक्यता, बल्ब उलटा बसवलाय. २१/५ वॉटच्या बल्बच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, पण झिजलेल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटाही बसतो. तसंच कुणी एका फिलामेंटचा बल्ब तिथे ढकलला असेल तर त्याचा एकच मोठा ठिपका होल्डरच्या दोन्ही ठिपक्यांना जोडतो.

होल्डरमधली स्प्रिंग गंजून दबलेली असते तेव्हा बल्ब हलवला की लागतो, सोडला की जातो. ठिपके पॉलिश पेपरने घासा, स्प्रिंग हलकेच वर उचला. प्लास्टिकच्या दिव्यात पितळेच्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. रिव्हेट सैल झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून दिवा चालू असताना व्होल्टेज बघा. शून्याऐवजी अर्धा-एक व्होल्ट दिसला तर रिव्हेट आणि पट्टी घासून वरून डाख द्या.

हेडलाइट मंद

बल्ब बदलून, रिफ्लेक्टर पुसून फरक पडला नाही तर व्होल्टेज कुठे खर्च होतंय ते मोजा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बल्ब जागेवर. मीटरची लाल दांडी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी कनेक्टरच्या मागून बल्बच्या पुरवठ्याच्या टोकाला. येणारा आकडा म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मग एक दांडी बल्बच्या अर्थच्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, इथे ०.२ च्या वर नको. ही तपासणी दिवा चालू असतानाच करायची, कारण करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावरही काही पडत नाही आणि सगळं छान दिसतं.

बॅटरीवर १३.५ आणि बल्बवर १२ असेल तर उजेडाचा जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो, कारण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने घसरतो. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि अप्पर-डिपरच्या दांडीतून जातो. ते संपर्क घासून-जळून गेलेले असतात. नवा स्विच काही वर्षं टिकेल. कायमचा उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक आणि डिपरला एक. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून तशीच वायर बल्बला. हेडलाइटकडे पूर्वी जाणारी मूळ वायर ८६ ला आणि ८५ बॉडीला. आता स्विचला रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे एक-दोन दशांश अँपिअरचा करंट सोसायचा. बल्बचा अर्थही त्याच जाडीच्या वायरीने नवा करा, नाहीतर अर्धीच दुरुस्ती होते.

हॅलोजनच्या काचेला बोट लागू देऊ नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा. त्वचेचं तेल राहिलं की काचेवर तो डाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो.

इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स

इंडिकेटरचा वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा असायला हवा. एक बल्ब गेला की इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) जवळपास दुप्पट वेगाने चालतो. जुना, पट्टी तापून चालणारा फ्लॅशर उलट अडतो: दिवा लागून तसाच राहतो किंवा फार सावकाश लवतो, कारण त्याला तापायला पुरेसा करंट मिळत नाही. एलईडी बल्ब टाकल्यावरही हेच होतं आणि तिथे बिघाड काहीच नसतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर घाला. हॅझर्ड चालतात पण इंडिकेटर दोन्हीकडचे बंद, असं असेल तर फ्यूजनंतर हॅझर्डच्या स्विचकडे वळा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा पुरवठा त्याच्यातून जातो आणि तो स्विच वर्षानुवर्षं कुणी दाबलेला नसतो. पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. संपर्क आपोआप साफ होतात.

ब्रेकलाइट अजिबात लागत नसतील तर पेडलच्या वरच्या स्विचचा कनेक्टर काढून त्याची दोन टोकं वायरीने जोडा. दिवे लागले तर स्विच गेला किंवा त्याची जागा सरकली. ब्रेकलाइट सतत चालू राहत असतील तर पेडलवरचं प्लास्टिकचं किंवा रबरी बटण तुटून पडलंय का बघा. पायाखालच्या मॅटवर त्याचे तुकडे सापडतात. रिव्हर्स लाइटचा स्विच गिअरबॉक्सवर, तपासायची पद्धत तीच.

बल्ब वारंवार जात असतील तर २,००० आरपीएमला बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ ठीक, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) खराब. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. व्होल्टेज ठीक आणि एकाच जागचा बल्ब जातोय, तर दिव्याचा स्क्रू सैल असून तो हादरतोय किंवा आत पाणी झिरपतंय. बल्बच्या आत पांढरी धूळ दिसली तर काच तडकून हवा शिरलीय.

जोड करताना

वायर कापल्यावर आतलं तांबं हिरवं किंवा काळं निघालं तर तिथे जोडू नका. गंज आवरणाच्या आतून बऱ्याच लांबवर चढतो. चकाकणारं तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, मग हवा तेवढा तुकडा त्याच जाडीच्या वायरीचा घाला. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून उघडा पडतो. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा) आणि वर गोंदाची हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी चढवा. बिजागरीसारख्या हलणाऱ्या जागी डाख नको. डाखेच्या कडेला वायर कडक होते आणि तिथेच तुटते. तिथे बारीक तारांची मऊ वायर घ्या आणि जोड बिजागरीपासून दूर, बॉडीच्या आत करा. एकाच गठ्ठ्यात चार-पाच जोड असतील तर ते एकाखाली एक न ठेवता थोडे मागे-पुढे ठेवा.

जोड झाल्यावर नवा फ्यूज घाला, सगळे दिवे एकदम लावा आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. मग फ्यूज बॉक्स, स्विचच्या मागची वायर आणि नवे जोड बोटाने चाचपा. कोमट असेल तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा उघडा.